वाचकांचे प्रश्न : काळ्या गोळीवर चुंबक तरंगत का नाही?

या वेळची बहुतेक पत्रे एकाच पदार्थाबद्दल आहेत. यिट्रियम, बेरियम आणि तांबे यांचे मिश्र ऑक्साइड, म्हणजे वायबीसीओ. तिन्ही धातूंचे अणू १:२:३ या प्रमाणात असतात म्हणून प्रयोगशाळेत त्याला नुसते ‘वन-टू-थ्री’ म्हणतात. ९२ केल्व्हिनच्या, म्हणजे उणे १८१ अंश सेल्सियसच्या खाली त्याचा विद्युतरोध नाहीसा होतो, म्हणजे तो अतिसंवाहक होतो, आणि त्याच्यावर सोडलेला चुंबक अधांतरी तरंगतो. लिक्विड नायट्रोजन ७७ केल्व्हिनला उकळतो. या दोन आकड्यांत १५ अंशांची ऐसपैस जागा आहे, म्हणून कॉलेजच्या प्रयोगशाळेत हाताळायला यापेक्षा सोयीचा अतिसंवाहक दुसरा नाही. पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी वायबीसीओची गोळी बनवली. गोळी काळी आणि घट्ट झाली, पण लिक्विड नायट्रोजनमध्ये ठेवून वर चुंबक सोडला तर तो तसूभरही उचलला जात नाही. वजने दोनदा तपासली होती. पूड ९२० अंशांवर दोनदा भाजली, गोळी ९५० अंशांवर बारा तास ठेवली. भट्टी दुसऱ्या गटाला हवी होती म्हणून बंद करून दार उघडले आणि अर्ध्या तासात गोळी बाहेर काढली. चूक कुठे झाली? (विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : चूक त्या शेवटच्या अर्ध्या तासात झाली. आनंदाची गोष्ट अशी की ती दुरुस्त होते, गोळी फेकू नका.

वन-टू-थ्रीमध्ये ऑक्सिजनचे प्रमाण ठरलेले नसते. एक यिट्रियम, दोन बेरियम, तीन तांबे या हिशेबात ऑक्सिजनचे अणू सहापासून सातपर्यंत कितीही बसू शकतात. किती बसतील ते तापमान ठरवते. ९५० अंशांवर हा पदार्थ ऑक्सिजन धरून ठेवत नाही. आकडा सहाच्या थोडासाच वर असतो. हळूहळू थंड होताना तो भोवतालच्या हवेतून ऑक्सिजन परत ओढून घेतो. ६५० ते ७०० अंशांच्या सुमारास स्फटिकाची ठेवण बदलते, तांबे आणि ऑक्सिजन यांच्या सरळ साखळ्या तयार होऊ लागतात, आणि ५०० ते ४०० अंशांच्या पट्ट्यात त्या जवळजवळ पूर्ण भरतात. आकडा ६.९ च्या पुढे गेला की ९२ केल्व्हिनचा अतिसंवाहक हाती येतो. ६.६ च्या आसपास अडकला तर संक्रमण, म्हणजे अतिसंवाहक होण्याचे तापमान, ६० केल्व्हिनवर घसरते आणि लिक्विड नायट्रोजनमध्ये काहीच दिसत नाही. ६.३५ च्या खाली तर तो अतिसंवाहक उरतच नाही. तुम्ही गोळी लालभडक असताना दार उघडलेत, त्यामुळे ऑक्सिजन आत शिरायला वेळच मिळाला नाही. रंगावरून हे कळत नाही, कारण दोन्ही अवस्थांत गोळी काळीच दिसते.

आता दुरुस्ती. गोळीचे वजन मिलिग्रॅमपर्यंत घेऊन टिपून ठेवा. नळीची भट्टी असेल तर उत्तम. क्वार्ट्झच्या किंवा अॅल्युमिनाच्या (अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या) नळीत गोळी ठेवा आणि ऑक्सिजन मिनिटाला ५० ते १०० मिलिलिटर या गतीने सोडा. बाहेर पडणारा वायू पाण्याच्या बुडबुड्यांतून काढला की प्रवाह चालू आहे हे डोळ्यांना दिसते. मात्र भट्टी थंड होताना ते पाणी नळीत मागे ओढले जाऊ नये म्हणून मध्ये एक रिकामी बाटली जोडा. तापमान ६०० अंशांपर्यंत न्या, तासभर थांबा, मग मिनिटाला एक अंश या गतीने ४५० वर आणून २४ तास ठेवा. त्यानंतर भट्टी बंद करा, पण दार उघडू नका. ऑक्सिजन २०० अंशांपर्यंत चालू राहू द्या. घाईने ४०० च्या खाली गेलात तर ऑक्सिजनचे अणू आत सरकेनासे होतात. ६०० च्या वरच राहिलात तर ते आत टिकत नाहीत. ४५० ते ५०० हा पट्टा यासाठीच निवडलेला आहे.

ऑक्सिजनचे सिलिंडर नसेल तर हेच साध्या हवेत करा. वेळ दुप्पट लावा. संक्रमण दोन-चार अंश खाली येईल, पण ७७ केल्व्हिनच्या वरच राहील आणि चुंबक उचलला जाईल. सिलिंडर असेल तर त्याच्या रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीस अजिबात लावायचे नाही. शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेते.

काम झाले की नाही हे चुंबकाच्या आधी तराजू सांगतो. पाच ग्रॅमच्या गोळीचे वजन ६० ते ८५ मिलिग्रॅमने वाढायला हवे. तेवढे वाढले आणि तरीही चुंबक हलला नाही, तर दोष दुसरीकडे आहे. गोळीचा एक कोपरा तोडून भिंगाखाली पाहा. आत हिरवे ठिपके दिसले तर ती ‘टू-वन-वन’ नावाची, त्याच तीन धातूंची पण २:१:१ प्रमाणातली हिरवी अवस्था आहे, म्हणजे भट्टी प्रत्यक्षात फार तापली किंवा वजनात चूक झाली. हवेत वन-टू-थ्री साधारण १०१० अंशांच्या पुढे फुटून हिरवी अवस्था आणि द्रव अशी फारकत होते. भट्टीच्या पडद्यावरचा आकडा आणि गोळीच्या जागेचे तापमान यांत २० अंशांचा फरक सहज पडतो. भट्टी रिकामी असताना लहान क्रुसिबलमध्ये (मुशीत) चिमूटभर मीठ ठेवून पाहा. शुद्ध मीठ ८०१ अंशांवर वितळते, तुमचा पडदा त्या क्षणी काय दाखवतो ते लिहून ठेवा.

प्रश्न : दहा ग्रॅम वायबीसीओसाठी कोणते रसायन किती घ्यायचे? पूड किती वेळा भाजावी याबद्दल प्रत्येक ठिकाणी वेगळे लिहिलेले असते. (विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : यिट्रियम ऑक्साइड १.६९५ ग्रॅम, बेरियम कार्बोनेट ५.९२४ ग्रॅम, काळे कॉपर ऑक्साइड ३.५८२ ग्रॅम. एकूण ११.२०१ ग्रॅम. लाल कॉपर ऑक्साइड घेऊ नका, त्यात तांब्याचे प्रमाण वेगळे असते आणि सगळा हिशेब बिघडतो. शुद्धता ९९.९ टक्के असावी. वजन करण्यापूर्वी बेरियम कार्बोनेट आणि कॉपर ऑक्साइड २०० अंशांवर दोन-तीन तास सुकवा. यिट्रियम ऑक्साइड हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड धरते. ते ९०० अंशांवर तापवून, गार झाल्यावर लगेच तोला. डबा बरेच दिवस उघडा राहिला असेल तर हे टाळू नका, नाहीतर तराजूवर यिट्रियमऐवजी पाणी मोजले जाते.

बेरियम कार्बोनेट विषारी आहे. पाण्यात ते फारसे विरघळत नाही, पण पोटातल्या आम्लात विरघळते आणि हृदयाची लय बिघडवते. एक्स-रेआधी पाजतात ते बेरियम सल्फेट, ते वेगळे. दोन्हींत गल्लत नको. मास्क, हातमोजे आणि हवा ओढून घेणारे कपाट असेल तरच हे काम करा. हा घरच्या गच्चीवरचा किंवा शाळेच्या बाकावरचा प्रयोग नव्हे.

खल अगेटचा घ्या. थोडे अॅसिटोन घालून निदान पाऊण तास खला. तिन्ही पुडी एकजीव झाल्या की रंग सारखा करडा दिसतो आणि बोटाने दाबल्यावर पांढरी रेघ उमटत नाही. मग अॅल्युमिनाच्या उथळ बोटीत, म्हणजे नावेच्या आकाराच्या भांड्यात, पातळ थर पसरून ९०० ते ९२० अंशांवर १५ ते १८ तास भाजा. थर पातळ का? बेरियम कार्बोनेटातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडायचा असतो. उंच क्रुसिबलमध्ये पूड ठासून भरली तर तो वायू तिथेच घुटमळतो आणि तयार झालेले वन-टू-थ्री पुन्हा मोडतो. भट्टीला वरचे भोक असेल तर ते उघडे ठेवा.

किती वेळा भाजायचे याचे उत्तर पुस्तकात शोधू नका, वजनात शोधा. बोट रिकामी आणि भरलेली, भाजण्याआधी आणि नंतर तोला. तुमच्या ११.२०१ ग्रॅमपैकी १.३२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड म्हणून उडून जायला हवा. ऑक्सिजन कितपत भरला आहे त्यानुसार शेवटचे वजन ९.८५ ते १० ग्रॅमच्या दरम्यान येते. १०.३ आले तर कार्बोनेट अजून आत आहे, पुन्हा खला आणि पुन्हा भाजा. लागोपाठ दोन भाजण्यांत वजन हलले नाही आणि खललेली पूड एकसारखी काळी दिसली की थांबा. बहुधा तीन भाजण्यांत काम होते. हिरवट झाक म्हणजे मिश्रण नीट झाले नव्हते.

पहिल्याच भाजणीला ९५० वर नेण्याचा मोह टाळा. अर्धवट झालेल्या मिश्रणात बेरियम-तांब्याचे ऑक्साइड आणि सुटे कॉपर ऑक्साइड शेजारी असतात, आणि त्यांचे मिश्रण हवेत ९०० अंशांच्या थोडे पुढेच पातळ होते. पूड बोटीला चिकटते, अॅल्युमिनियम ओढून घेते आणि मग खरवडूनही निघत नाही.

गोळीसाठी २० मिलिमीटरच्या डायमध्ये (साच्यात) पाच ग्रॅम पूड, दाब पाच टन, दोन मिनिटे. दाब सावकाश सोडा, नाहीतर गोळीची वरची चकती सुटून येते. भट्टीत गोळी थेट अॅल्युमिनावर न ठेवता त्याच पुडीच्या पातळ थरावर ठेवा. ९४० ते ९५० अंशांवर बारा ते चोवीस तास, आणि त्यापुढचे थंड करणे लातूरच्या उत्तरात दिले आहे तसे. तयार गोळी २० मिलिमीटर व्यासाची आणि ३ मिलिमीटर जाडीची असून पाच ग्रॅमची भरली, तर घनता पूर्ण स्फटिकाच्या ८३ टक्के झाली. यापेक्षा फार घट्ट गोळीचा हट्ट धरू नये, बारीक छिद्रांतूनच ऑक्सिजन आत जातो.

प्रश्न : तांबेच का? लोखंड किंवा निकेल घालून असे का होत नाही? (निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

उत्तर : लोखंडाचे आणि निकेलचे अतिसंवाहकही आहेत. मुंबईच्या टीआयएफआरमध्येच (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) १९९४ साली निकेल, बोरॉन आणि कार्बन असलेल्या संयुगात १२ केल्व्हिनच्या आसपास अतिसंवाहकता सापडली आणि त्यातून बोरोकार्बाइड नावाचे नवे कुटुंब उभे राहिले. पण साध्या दाबाखाली लिक्विड नायट्रोजनच्या वर मजल मारली ती तांब्याच्या ऑक्साइडांनी.

१९११ मध्ये लायडन येथे पाऱ्यात ४.२ केल्व्हिनला अतिसंवाहकता दिसली. पुढच्या ७५ वर्षांत तो आकडा फक्त २३ पर्यंत चढला. १९८६ मध्ये झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनोर्त्स आणि म्युलर यांनी लँथेनम, बेरियम, तांबे यांच्या ऑक्साइडात ३० केल्व्हिनच्या वर ती दाखवली. मातीच्या भांड्यांच्या जातकुळीतल्या, एरवी वीज धड न वाहणाऱ्या पदार्थात! दोघांना पुढच्याच वर्षी नोबेल मिळाले. १९८७ च्या सुरुवातीला अलाबामात वू आणि ह्यूस्टनमध्ये चू यांच्या गटांनी लँथेनमच्या जागी यिट्रियम घालून ९३ केल्व्हिन गाठले. त्यानंतर बिस्मथच्या संयुगात ११०, थॅलियमच्या १२५ आणि १९९३ मध्ये पाऱ्याच्या संयुगात १३३ केल्व्हिन.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे तांबे आणि ऑक्सिजन यांचे सपाट पत्रे, म्हणजे अणूंचे थर. कोऱ्या पत्र्यात तांब्याच्या प्रत्येक अणूवर एक एकटा इलेक्ट्रॉन असतो. शेजाऱ्यांचे चुंबकत्व एकमेकांच्या उलट दिशेला, आणि परस्परांतील तिरस्कारामुळे कोणी जागचा हलत नाही. पदार्थ विद्युतरोधक. या पत्र्यांतून थोडे इलेक्ट्रॉन काढून घेतले, तांब्याच्या दर अणूमागे साधारण ०.१६, की उरलेले जोडीने वाहू लागतात. वन-टू-थ्रीमध्ये इलेक्ट्रॉन काढून घेण्याचे काम त्या साखळ्यांतला ऑक्सिजन करतो. लातूरच्या गोळीला ऑक्सिजन का लागतो ते इथे कळते. जोड्या नेमक्या कशाने बांधल्या जातात यावर जगभरच्या अभ्यासकांचे अजून एकमत नाही.

प्रश्न : शाळेसाठी विकत घेतलेली वायबीसीओची चकती तीन वर्षे छान चालली. या पावसाळ्यानंतर तिच्यावर पांढरी भुकटी दिसते आणि चुंबक पूर्वीपेक्षा खूप खाली तरंगतो. (शिक्षक, चिपळूण)

उत्तर : ती भुकटी बेरियम कार्बोनेट आहे, उघड्या हातांनी पुसू नका. पाणी या पदार्थातून बेरियम ओढून काढते, त्याचे हायड्रॉक्साइड होते आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचे कार्बोनेट. कोकणातला पावसाळा त्याला पुरेसा आहेच, पण खरे नुकसान बहुधा प्रयोगानंतरच्या दहा मिनिटांत होते. उणे १९६ अंशांची चकती बाहेर काढली की तिच्यावर क्षणात पांढरे दव गोठते, मग वितळते, आणि चकती पाण्यात न्हाऊन निघते. अशी ती डब्यात गेली की ओलावा आतच राहतो.

यापुढे चकती नायट्रोजनमधून काढल्याबरोबर हेअर ड्रायरच्या कोमट झोतात धरा, पूर्ण कोरडी होऊन हाताला किंचित गरम लागेपर्यंत. मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. निळ्या दाण्यांचे गुलाबी झाले की ते १२० अंशांवर तापवून परत निळे करा. पाण्याने चकती धुऊ नका.

आताच्या चकतीसाठी मास्क आणि हातमोजे घालून, कोरड्या बारीक पॉलिश पेपरने वरचा थर काढा. धूळ ओल्या कागदाने टिपून घ्या, फुंकू नका. खालचा भाग काळाभोर निघाला तर चकती वाचली. आतपर्यंत भुरभुरीत झाली असेल तर जवळच्या विज्ञान महाविद्यालयात पाठवून दळून, ९२० अंशांवर भाजून पुन्हा गोळी करून घेता येते. पण त्यासाठी भुकटीसकट सगळे तुकडे जपून पाठवा. पांढरी भुकटी टाकून दिली तर बेरियम गेले, आणि प्रमाण १:२:३ उरत नाही.

प्रश्न : नायट्रोजनमध्ये बुडवलेल्या गोळीला मल्टिमीटरच्या दोन काड्या लावल्या. रोध ०.६ ओहम येतो, शून्य येत नाही. चुंबक तर तरंगतो. मग खरे काय? (इलेक्ट्रॉनिक्सचे तंत्रज्ञ, पुणे)

उत्तर : चुंबक खरे सांगतो. ते ०.६ ओहम तुमच्या काड्यांचे, वायरींचे आणि टोकाखालच्या संपर्काचे आहेत. गोळी त्यात कुठेच नाही, आणि खोलीच्या तापमानालाही नव्हती. हिशेब करा. चांगल्या गोळीची रोधकता खोलीत साधारण एक मिलिओहम-सेंटिमीटर असते. ३ बाय २ मिलिमीटर छेदाच्या पट्टीवर ४ मिलिमीटर अंतराचा रोध सातेक मिलिओहम भरतो. त्यातून १० मिलिअँपिअर सोडले तर मिळतात जेमतेम ७० मायक्रोव्होल्ट. साधा मल्टिमीटर १०० मायक्रोव्होल्टच्या खाली पाहतच नाही.

म्हणून चार तारा लागतात. गोळीतून १२ मिलिमीटर लांबीची पट्टी कापा, कापताना पाणी वापरू नका. टोकांच्या दोन तारांतून प्रवाह द्या, मधल्या दोन तारांवर व्होल्टता मोजा. मधल्या तारांतून प्रवाह जवळजवळ वाहत नसल्याने त्यांच्या संपर्काचा रोध हिशेबात येत नाही. संपर्कासाठी सिल्व्हर पेस्ट लावा. पेस्ट उच्च तापमान सोसणारी असेल तर पट्टी ऑक्सिजनमध्ये ४५० अंशांवर तासभर भाजून घ्या, संपर्क खूप सुधारतात. नेहमीचे सोल्डर लावू नका, त्याचा फ्लक्स पृष्ठभाग खातो. दाबून बसवलेले इंडियम चालते.

नॅनोव्होल्टमीटर नसेल तर हजार पटींचा इन्स्ट्रुमेंटेशन अॅम्प्लिफायर तुमच्यासारख्याला अवघड नाही. पण एक सापळा आहे. तारेचे एक टोक उणे १९६ अंशांवर आणि दुसरे खोलीत असले की प्रवाह बंद असतानाही काही मायक्रोव्होल्ट येतात. म्हणून प्रत्येक तापमानाला प्रवाह एकदा सरळ आणि एकदा उलट द्या, दोन वाचनांतला फरक अर्धा करा. औष्णिक व्होल्टता दिशा बदलत नाही, ती आपोआप वजा होते.

तापमानासाठी पीटी-१०० (प्लॅटिनमचा तापमापक) पट्टीला खेटून, तांब्याच्या एकाच ठोकळ्यावर बसवा. ७७ केल्व्हिनला त्याचा रोध सुमारे २०.३ ओहम आणि ९२ ला २६.६ ओहम असतो, म्हणजे आकडे पडताळायला नायट्रोजन हाताशी आहेच. ठोकळा द्रवात बुडवू नका. द्रवाच्या वर वाफेत लटकवून हळूहळू खाली सोडा, मिनिटाला एक अंशापेक्षा हळू. घाई केली तर गार होतानाचा आलेख ८६ वर आणि गरम होतानाचा ९५ वर पडतो, आणि दोन्ही खोटे असतात. चांगल्या गोळीत ९२ च्या आसपास घसरण सुरू होऊन ८८-९० पर्यंत शून्य येते. त्याखाली लांब शेपटी उरली तर कणांच्या सांध्यांत कार्बोनेट किंवा ऑक्सिजनची कमतरता आहे असे समजा.

प्रश्न : आमच्या गावात गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी लिक्विड नायट्रोजनचा कंटेनर येतो. त्यातला थोडा घेऊन शाळेत प्रयोग दाखवता येईल का? (शिक्षक, सातारा जिल्हा)

उत्तर : द्रव तोच आहे, आणि ग्रामीण महाराष्ट्रात तो पोचण्याची ही सर्वांत चांगली वाट आहे. पण वापरात असलेल्या कंटेनरमधून काढू नका. पातळी खाली गेली तर रेतमात्रा निकामी होतात, आणि ते नुकसान गावातल्या शेतकऱ्याचे असते. भरायची गाडी येईल त्या दिवशी, केंद्राच्या परवानगीने, वेगळ्या कंटेनरमध्ये दोन लिटर मागून घ्या. २० मिलिमीटरच्या गोळीसाठी थर्माकोलच्या वाटीत अर्धा-पाऊण लिटर लागतो. बाकीचा वाटेत आणि ओतताना उडतो.

एक लिटर द्रवाचा जवळजवळ ७०० लिटर वायू होतो. म्हणून घट्ट झाकणाच्या थर्मासमध्ये किंवा बाटलीत कधीही भरू नका, ती बॉम्बसारखी फुटते. कंटेनरचे सैल बूच तसेच सैल असू द्या. बंद काचांच्या गाडीत नेऊ नका, टेम्पोच्या मागे उभा बांधून न्या. दहा बाय दहा फुटांच्या बंद खोलीत पाच लिटर सांडला तर हवेतला ऑक्सिजन साडेअठरा टक्क्यांच्या आसपास येतो. साडेएकोणीसच्या खाली धोका धरतात. गुदमरल्याची जाणीव होत नाही, माणूस थेट कोसळतो. दारे-खिडक्या उघडून, शक्यतो व्हरांड्यात दाखवा.

डोळ्यांना गॉगल, हातात सैल आणि कोरडे चामडी हातमोजे, पॅन्ट बुटांच्या बाहेर. कापडी हातमोजा द्रव शोषतो आणि कातडीला चिकटवून ठेवतो, तो उघड्या हातापेक्षा वाईट. चुंबक ठेवायला प्लॅस्टिकचा चिमटा घ्या, लोखंडी चिमट्याला चुंबकच येऊन बसतो. मुले दोन मीटर लांब.

प्रश्न : आमच्या कॉलेजमध्ये बनवलेल्या गोळीवर चुंबक दोन-तीन मिलिमीटर तरंगतो आणि धक्का लागला की घसरतो. व्हिडिओत मात्र अतिसंवाहक चुंबकाखाली उलटा लटकतो. आमची गोळी कच्ची आहे का? (विद्यार्थी, मडगाव)

उत्तर : गोळी चांगली आहे, जात वेगळी. तुमची गोळी म्हणजे हजारो बारीक स्फटिकांची वीट. प्रत्येक कणाच्या आत मोठा प्रवाह वाहतो, पण एका कणातून दुसऱ्यात जाताना तो अडतो. शेजारच्या स्फटिकांच्या दिशांत थोड्या अंशांचा फरक असला तरी सांध्यातून जाणारा प्रवाह झपाट्याने कोसळतो. हे १९८८ मध्ये आयबीएमच्या डिमॉस, चौधरी आणि मॅनहार्ट यांनी एकेका सांध्यावर मोजून दाखवले. त्यामुळे भाजलेल्या गोळीतून ७७ केल्व्हिनला चौरस सेंटिमीटरला काही शे अँपिअर मिळतात. व्हिडिओतली चकती एकाच मोठ्या स्फटिकाची असते, तिच्यातून दहा हजारांच्या घरात. शिवाय तिच्या आत ती नकोशी हिरवी अवस्था मुद्दाम, बारीक कणांच्या रूपात पेरलेली असते. चुंबकाच्या क्षेत्ररेषा त्या दोषांच्या अवतीभवती अडकून बसतात, म्हणून चकती चुंबकाखाली लटकते आणि धक्क्यानेही जागा सोडत नाही.

ती बनवायला वन-टू-थ्रीमध्ये ३० ते ४० मोल टक्के टू-वन-वन आणि अर्धा टक्का प्लॅटिनम किंवा एक टक्का सेरियम ऑक्साइड मिसळतात. वर समेरियम किंवा निओडिमियमच्या वन-टू-थ्रीचे बी ठेवतात, कारण ते जास्त तापमानाला वितळते. १०४० अंशांच्या पुढे नेऊन, मग १०१० च्या खाली तासाला एक अंश किंवा त्याहून हळू उतरतात. बियापासून स्फटिक बाहेर पसरत जातो. शेवटी ऑक्सिजन द्यायलाच आठवडा किंवा जास्त लागतो, कारण छिद्रे जवळजवळ नसतात. तुमच्या भट्टीचा नियंत्रक तासाला एक अंश धरू शकतो का आणि वीज सलग चार-पाच दिवस टिकते का, हे आधी पाहा.

तुमच्या आताच्या गोळीवरही थोडी पकड दिसू शकते. चुंबक आधी गोळीवर दोन मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्यावर ठेवा, मग नायट्रोजन ओता, उकळणे थांबल्यावर पुठ्ठा ओढून घ्या. अशा रीतीने गार केलेली गोळी चुंबकाला बाजूला सरकू देत नाही. चुंबक ६ ते ८ मिलिमीटरचा निओडिमियमचा घ्या; मोठा घेतलात तर त्याच्याच वजनाने खाली बसेल.